आजारपणात मजुरी बंद झाली, तर अर्ज कुठे करायचा?



नर्सिंगच्या नोकरीत असताना पुरुषांच्या वॉर्डात एक कागद आम्ही वारंवार भरून घेत असू. रुग्ण बरा झालेला नसतो, डॉक्टर नको म्हणत असतात, तरी तो स्वतःच्या जबाबदारीवर घरी निघतो. त्याची सही नाहीतर अंगठा घ्यायचा. वॉर्डात याला 'डामा' म्हणतात. कारणाच्या रकान्यात आम्ही ठरलेले दोन शब्द लिहायचो, 'घरगुती कारण'. गोदामात हमाली करणारा पस्तिशीचा एक भाऊ असाच निघाला. छातीत पाणी झालेले, क्षयाच्या गोळ्या सुरू होऊन जेमतेम नऊ दिवस. आम्ही त्याच्यावर रागावलो. तो म्हणाला, "सिस्टर, गोळी फुकट आहे, मान्य. पण घरी तीन लेकरं आहेत, त्यांना काय गोळ्या चारू?" आम्ही अंगठा घेतला. सात महिन्यांनी तो परत आला, तेव्हा साधी औषधे त्याला लागू पडत नव्हती.

त्याच्या आजारासाठी दरमहा सरकारी अनुदान मिळू शकते, आणि त्याचा अर्ज रुग्णालयापासून दोन बसथांब्यांवरच्या कार्यालयात होतो, हे तेव्हा आम्हालाच ठाऊक नव्हते. डिप्लोमाच्या अभ्यासात सलाईन, इंजेक्शन, मलमपट्टी सगळे होते, तहसील नव्हते. ते आम्ही नोकरी सोडल्यावर वस्तीत फिरून शिकलो. म्हणून आरोग्याच्या या पानावर यावेळी औषधांऐवजी अर्जाविषयी लिहीत आहोत.

आधी एक घोटाळा दूर करू. "आमच्याकडे योजनेचं कार्ड आहे," असे सांगत लोक येतात. त्या कार्डाने दवाखान्याचे बिल भागते, घरभाडे आणि किराणा भागत नाही. उपचाराचा खर्च ही एक गोष्ट आणि बंद पडलेली मजुरी ही दुसरी. दोन्हींचे अर्ज वेगळे, कार्यालये वेगळी. बहुतेक घरे पहिल्यासाठी धावपळ करतात आणि दुसऱ्याचा अर्ज करायचा राहून जातो. मग रुग्ण मधूनच कामावर परततो.

घरी आजारपण आले की आम्ही पहिला प्रश्न विचारतो, पगाराची पावती आहे का? हाऊसकीपिंग, सुरक्षारक्षक, कारखान्यातले कंत्राटी कामगार, मॉलमधले मदतनीस असे पुष्कळ लोक आपल्या वस्तीत आहेत. दहा किंवा अधिक माणसे असलेल्या बहुतेक आस्थापनांना कर्मचारी राज्य विमा, म्हणजे ईएसआय, लागू होतो. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेला कामगार त्यात येतो. पगारातून ०.७५ टक्के कापले जातात. १२,००० पगार असेल तर महिन्याला ९० रुपये. एवढी लहान रक्कम कुणी बघत नाही, आणि कंत्राटदार सांगतही नाही. त्या नव्वद रुपयांत संपूर्ण कुटुंबाचे उपचार आहेतच, शिवाय आजारपणाच्या रजेत पगाराच्या ७० टक्के रक्कम वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळते. म्हणजे १२,००० वाल्याला महिन्याला ८,४०० च्या आसपास. क्षय, कर्करोग, पक्षाघात अशा ३४ दीर्घ आजारांसाठी, जुना विमाधारक असेल तर, ८० टक्क्यांनी दोन वर्षांपर्यंत. नोकरीच गेली असेल तर अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत सरासरी कमाईच्या निम्मी रक्कम ९० दिवसांपर्यंत मिळण्याची तरतूद आहे. ही योजना ठरावीक मुदतीची असते आणि मुदत वाढवत नेतात, म्हणून शाखा कार्यालयात आधी विचारून घ्यावे.

अट एकच, हजेरीचे आणि वर्गणीचे दिवस भरलेले हवेत. साध्या आजारपणाच्या भत्त्याला सहा महिन्यांच्या वर्गणी काळात किमान ७८ दिवस. कंत्राटदार दर काही महिन्यांनी नाव कमी करून पुन्हा लावतो, तेव्हा हेच दिवस मोडतात. पगारातून कापले पण भरले नाहीत, असेही घडते. विमा क्रमांक मागून घ्या आणि वर्गणी जमा होते का ते वर्षातून दोनदा तपासा. आजारी पडल्यावर तपासून उपयोग नाही. जाता जाता सांगतो, या विम्याचा पाया असलेला प्रा. अदारकर यांचा अहवाल १९४४ साली सादर झाला, तेव्हा बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. कायदा १९४८ साली झाला. आज आपलीच पोरे वर्गणी भरतात आणि हक्क मागत नाहीत, याचे आम्हाला फार वाईट वाटते.

पगाराची पावतीच नाही, नाक्यावरची मजुरी आहे, घरकाम आहे, हातगाडी आहे, तर रस्ता तहसीलकडे जातो.

पण त्याआधी क्षयरुग्णांसाठी दोन शब्द. निदान होऊन नाव नि-क्षय प्रणालीत नोंदले गेले की पोषण आहारासाठी महिना १,००० रुपये खात्यात येतात. नोव्हेंबर २०२४ पर्यंत ही रक्कम ५०० होती. सहा महिन्यांच्या उपचारात ३,००० चे दोन हप्ते असतात, पहिला निदानानंतर आणि दुसरा ८४ दिवस उपचार पूर्ण झाल्यावर. खासगी डॉक्टरकडे उपचार घेणाऱ्यालाही हे मिळते, त्या डॉक्टरने नोंद केलेली हवी. पैसे आले नाहीत तर बहुधा खाते क्रमांक चुकलेला असतो, किंवा जुने खाते वापर नसल्याने बंद पडलेले असते. क्षयरोग केंद्रातल्या आरोग्यसेवकाला पासबुक दाखवा.

आता संजय गांधी निराधार अनुदान योजना. नावामुळे लोकांना वाटते की ही फक्त एकट्या राहिलेल्या म्हाताऱ्यांसाठी आहे. तसे नाही. ६५ वर्षांवरच्या वृद्धांसाठी श्रावणबाळ योजना वेगळी आहे. निराधार योजना १८ ते ६५ वयाच्या लोकांसाठी आहे. त्यात विधवा, घटस्फोटित आणि परित्यक्ता भगिनी येतात, दिव्यांग येतात, तृतीयपंथी येतात. आणि क्षय, पक्षाघात, कर्करोग, एचआयव्ही, कुष्ठरोग अशा दुर्धर आजारामुळे जे स्वतःचा चरितार्थ चालवू शकत नाहीत, ते पुरुष आणि स्त्रियाही येतात. वर सांगितलेला हमालबंधू या ओळीत बसत होता. रक्कम जुलै २०२३ पासून महिना १,५०० रुपये आहे, दिव्यांगांना ऑक्टोबर २०२५ पासून २,५००. विदर्भातल्या वाचकांनी लक्षात ठेवावे की २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आजारही दिव्यांगत्वात धरला आहे. ज्या घरी सिकलसेलचे मूल किंवा तरुण आहे, त्यांनी जिल्हा रुग्णालयात दिव्यांग प्रमाणपत्रासाठी तपासणी करून घ्यावी. निराधारसाठी ४० टक्के दिव्यांगत्व लागते.

अर्जासोबत लागते ते असे: वयाचा पुरावा, महाराष्ट्रात किमान १५ वर्षे राहत असल्याचा पुरावा, शिधापत्रिका, आधारशी जोडलेले बँक खाते, आजाराबाबत शासकीय रुग्णालयाच्या अधीक्षकांचे किंवा जिल्हा शल्यचिकित्सकांचे प्रमाणपत्र, आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर नुसते आजाराचे नाव असून चालत नाही. "आजारामुळे काम करण्यास असमर्थ" असा उल्लेख मागून घ्या. डॉक्टर घाईत असतात, ते आपणहून लिहीत नाहीत. वॉर्डातल्या सिस्टरना सांगा, त्या आठवण करून देतील. आम्ही तरी दिली असती.

आणि इथे येते ते २१,००० रुपयांचे कोडे. निराधार योजनेसाठी कुटुंबाचे वर्षाचे उत्पन्न २१,००० च्या आत हवे. दिव्यांगांसाठी ही मर्यादा ५०,००० आहे. २१,००० ला बाराने भागा, महिन्याचे १,७५० होतात. दिवसाचे साधारण ५८ रुपये. दोन घरची धुणीभांडी करणारी मावशीसुद्धा या रेषेच्या वर जाते. ईएसआयमध्ये एका महिन्याची जी पगारमर्यादा आहे, तोच आकडा निराधार योजनेत अख्ख्या कुटुंबाच्या वर्षाला! ही मर्यादा अन्यायाची आहे असे आमचे स्पष्ट मत आहे. आपल्या संघटना तहसीलवर निवेदने नेतात, त्यात हा मुद्दा पहिला असावा.

मर्यादा इतकी खाली असल्याने वस्तीत एजंटांचे फावते. "ताई, काळजी नको, एकवीस हजारांचा दाखला काढून देतो," म्हणत दोन-तीन हजार घेतात. हा मार्ग धरू नका. दाखल्यामागे तुमचे स्वयंघोषणापत्र असते, खाली तुमची सही असते, एजंटची नसते. खोटे लिहून देणे गुन्हा आहे. शिवाय मुलीच्या शिष्यवृत्तीला तुम्ही वेगळ्या उत्पन्नाचा दाखला जोडलेला असतो, दोन कागद समोरासमोर आले की दोन्ही ठिकाणी अडचण.

मग खऱ्या माणसाने काय करावे? खरेच सांगावे, पण पूर्ण सांगावे. तलाठ्यासमोर आपण संकोचाने "करतो थोडंफार काम" म्हणतो आणि तो आकडा लिहून मोकळा होतो. काम कधीपासून बंद आहे ती तारीख सांगा, रुग्णालयाचा दाखल झाल्याचा कागद जोडा, घरभाडे कोण भरते, नातेवाईक धान्य देतात का, तेही सांगा. दाखला मागच्या आर्थिक वर्षाचा असतो. त्यामुळे गेल्या वर्षी कमावता असलेला माणूस यंदा अंथरुणाला खिळला, तर पहिल्या खेपेस अडतो. हे कटू आहे, पण आहे. दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते. १ एप्रिलनंतर नव्या वर्षाचा दाखला काढून पुन्हा अर्ज करता येतो. पुष्कळ घरे एकदा नकार मिळाला की फाईल माळ्यावर टाकतात.

उत्पन्नाच्या दाखल्यासाठी पाचशेचा मुद्रांक लागतो, असे कोणी म्हणाले तर नाही म्हणा. उत्पन्न, जात, रहिवास अशा दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्रांना राज्य सरकारने २००४ सालीच मुद्रांक शुल्क माफ केले आहे. साधा कागद चालतो. सेवा केंद्राची फी किती, ते तिथल्या फलकावर लिहिलेले असते. तेवढीच द्या आणि पावती घ्या.

पावतीवरून आमची स्वतःची चूक सांगणे भाग आहे. नोकरी सोडल्यानंतरच्या पहिल्या वर्षी आम्ही मोठ्या हौसेने विहारात शिबिर लावले. एका दिवसात एकेचाळीस अर्ज भरले. बहुतेक विधवा भगिनी, काही आजारी पुरुष. सगळ्यांच्या झेरॉक्स, फोटो, अंगठे नीट लावून गठ्ठा बांधला आणि कार्यालयात नेऊन दिला. तिथल्या कर्मचाऱ्याने "ठेवून जा, बघतो" म्हटले. ओळखीचा माणूस होता, चहा पाजला, आम्ही विश्वासाने परतलो. पाच महिन्यांनी विचारायला गेलो तर तो बदलून गेलेला. गठ्ठा कुठेच नव्हता. आमच्या हातात एकही पोच नव्हती, त्यामुळे अर्ज दिलाच होता हे सिद्ध करता येईना. पुन्हा सगळे भरायला लागले. तोवर एकेचाळीसपैकी दोन माणसे गेली होती. त्यांतल्या एका मावशीची सून आजही आम्हाला रस्त्यात भेटते, बोलते, पण त्या अर्जाचे नाव दोघींच्याही तोंडी येत नाही.

तेव्हापासून आमचा नियम आहे. अर्जाच्या दोन प्रती. एक द्यायची, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यायचा. सेवा केंद्रातून ऑनलाइन अर्ज केला तर अर्ज क्रमांकाची छापील पावती घ्यायची, नुसता मोबाईलचा मेसेज पुरत नाही, कारण मोबाईल बदलतो, नंबर बंद पडतो. कर्मचारी पोच देत नसेल तर भांडत बसू नका, तोच अर्ज स्पीड पोस्टने, पोच मिळेल असा पाठवा. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ साली लागू झाला. त्याखाली उत्पन्नाचा दाखला १५ दिवसांत मिळायला हवा आणि नाकारला तर कारण लेखी मिळायला हवे. मुदतीत मिळाला नाही तर ३० दिवसांच्या आत त्याच कार्यालयातील वरिष्ठांकडे अपील करता येते. दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. अपिलात पहिला प्रश्न असतो, अर्ज कोणत्या तारखेला केला? निराधारचा अर्ज अडून राहिला तर माहितीच्या अधिकाराखाली १० रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून, "माझ्या अमुक क्रमांकाच्या अर्जावर काय कार्यवाही झाली" एवढे विचारा. दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला ती फीही नाही. ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. पुष्कळदा उत्तराऐवजी मंजुरीच येते.

शिधापत्रिकेबद्दल थोडक्यात. शहरात ५९,००० पर्यंत वार्षिक उत्पन्न असलेले कुटुंब प्राधान्य गटात येऊ शकते, माणशी ५ किलो धान्य मोफत. अंत्योदयमध्ये कुटुंबाला ३५ किलो. गावाकडचे कार्ड असेल आणि तुम्ही शहरात राहत असाल, तर अंगठ्याची ओळख पटवून इथल्या दुकानातही धान्य उचलता येते. सुनेचे आणि नव्या बाळाचे नाव घालायला उशीर करू नका, कारण रुग्णालयातही हेच कार्ड बघतात.

उपचाराच्या खर्चाचे आता सांगतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे ठरावीक उपचार आहेत, आणि २०२३ च्या निर्णयाने ती सर्व शिधापत्रिकाधारकांना खुली केली आहे. योजनेतल्या रुग्णालयात दाराशी आरोग्यमित्र बसतो, पैसे भरण्याआधी त्याला गाठा. ही बिनरोखीची योजना आहे. आधी भरलेले पैसे मागाहून परत मागण्याची सोय तिच्यात नाही. आपले बहुतेक लोक इथेच फसतात, रात्री दागिना मोडून पैसे भरतात आणि सकाळी कार्ड दाखवतात. कोणते रुग्णालय योजनेत आहे ते १५५३८८ वर विचारता येते. योजनेत आजार बसत नसेल तर धर्मादाय रुग्णालय बघा. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ पासून अशा रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांना निम्म्या दरात द्याव्या लागतात. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल. इथे मर्यादा माणसाला जगू देणारी आहे. रिसेप्शनवर कोणी सांगणार नाही, थेट वैद्यकीय समाजसेवकाचे टेबल विचारा.

घरातला कमावता माणूस गेलाच, आणि त्याचे वय १८ ते ५९ होते, घर दारिद्र्यरेषेखालच्या यादीत आहे, तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेत एकदाच २०,००० रुपये मिळतात. अर्ज त्याच तहसील कार्यालयात. दुःखात हे सुचत नाही, म्हणून शेजाऱ्यांनी जलदान विधी आटोपल्यावर मृत्यूचा दाखला काढायला सोबत जावे. त्याच दाखल्यावर त्या भगिनीचा निराधारचा अर्जही उभा राहतो. मात्र लाडकी बहीण योजनेचे १,५०० तिला मिळत असतील, तर दोन्ही एकत्र चालत नाहीत. निराधार मंजूर झाल्यावर दुसरे बंद करायला सांगावे, नाहीतर पुढे वसुलीचा त्रास होतो.

काही वडीलधारी मंडळी म्हणतात, आम्ही कष्टाने खाल्ले, सरकारपुढे हात पसरायचा नाही. त्यांचा मान ठेवून आम्ही त्यांना विचारतो, काडेपेटीपासून साबणापर्यंत प्रत्येक वस्तूवर तुम्ही आयुष्यभर कर भरलात, तो कुठे गेला? एक आजोबा यावर बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "फोटो किती लागतील?"

आमच्या वस्तीत महिला मंडळाने आता प्रत्येक घरासाठी चेनची प्लास्टिक पिशवी घेतली आहे. आत शिधापत्रिका, आधार, पासबुकाचे पहिले पान, चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला, प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स, चार फोटो आणि सगळ्या पोच. एप्रिल उजाडला की दाखले नव्याने काढायला मंडळाच्या चार जणी वस्तीतल्या बायकांना सोबत घेऊन जातात, कुणी आजारी असो वा नसो. गेल्या पावसाळ्यात रंगकाम करणारा एक तरुण पायाडावरून पडला. त्याची बायको रुग्णालयात आली तेव्हा एका हातात चपला होत्या आणि दुसऱ्या हातात ती पिशवी.